फ्रूट-नट बारचा तळ ओला का राहतो, कापताना भुगा का होतो: जरा सविस्तर

प्रश्न वाचला. थोडक्यात असं झालंय की सुट्ट्यांत भेट म्हणून द्यायला फ्रूट अँड नट बार करायचेत, ट्रायल म्हणून एक बॅच लावली, तर वरच्या मनुका करपल्या, मधला भाग कच्चट, खालचा बेस ओलसर, आणि कापायला गेलात तर अर्ध्याचा भुगा. रेसिपी ९ इंची चौकोनी टिनची होती, घरात ८ इंची होता म्हणून त्यात केली. सुकामेवा रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवला. टिन ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटांत सुरी लावली. आणि एवढं सगळं लिहून शेवटी विचारलंय की टेम्परेचर वाढवू का कमी करू.

टेम्परेचरला आत्ता हातच लावू नका. वाढवलंत तर मनुका अजून काळ्या होतील, कमी केलंत तर बेस अजून गिळगिळीत होईल. मी ऑर्डरचे बार बरीच वर्षं करतेय आणि माझा अनुभव असा की बार बिघडला की लोक ओव्हनला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा भानगड पाण्याची असते. मिश्रणात पाणी किती गेलं, ते बाहेर पडायला वाट होती का, आणि राहिलेलं पाणी कोणी धरून ठेवलं, हे तीन प्रश्न विचारले की तुमच्या चारपैकी तीन तक्रारींचं उत्तर मिळतं. चौथी, भुग्याची, ती बरीचशी घाईची.

आधी टिन बघू. ९ इंची चौकोनी टिनचं क्षेत्रफळ ८१ चौरस इंच, ८ इंचीचं ६४. एक इंचाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो पण तेच मिश्रण लहान टिनमध्ये ओतलं की थर सव्वापटीहून जास्त जाड होतो. आणि थर सव्वापट जाड झाला म्हणून वेळ सव्वापट लागेल असंही नाही, त्याहून जास्त लागतो, कारण उष्णता कडेकडून आणि वरून सरकत सरकत मध्यापर्यंत जाते. तेवढ्या वेळात वरची मनुका उघड्यावर बसलेली, तिच्यात साखर खच्चून भरलेली, ती करपणारच. म्हणून ९ इंची रेसिपी ८ इंची टिनमध्ये करायची तर साहित्य ८० टक्के घ्या. अंडी ३ असतील तर फोडून, फेटून, वजन करून घ्या, कवच सोडून एक अंडं साधारण ५० ग्रॅम भरतं, तर १२० ग्रॅम झाली की थांबा. एवढा हिशोब नको असेल तर सगळं मिश्रण करा आणि उरलेलं मफिन मोल्डमध्ये घाला, चार-पाच छोटे बार जास्तीचे निघतील, चाखायला तेच कामाला येतात. १३ बाय ९ चा मोठा ट्रे असेल तर तो ११७ चौरस इंच, म्हणजे ८ इंचीच्या दुपटीला जरा कमी, त्यात ८ इंचीची रेसिपी दुप्पट केली तर चालून जातं, थर जेमतेम जाड होतो, पाचेक मिनिटं जास्त द्या.

आता संत्र्याचा रस. मला वाटतं खरा घोटाळा इथे झालाय. सुकामेवा हा नावाप्रमाणे सुका असतो आणि बारची रेसिपी लिहिणाऱ्याने तो सुका आहे असं धरूनच बाकीचं प्रमाण ठरवलेलं असतं. रात्रभर रसात ठेवलेली मनुका किती पाणी पिते ते एकदा वजन करून बघाच. भिजवायच्या आधी १५० ग्रॅम होती आणि निथळून २०० भरली तर ५० ग्रॅम द्रव तुम्ही मिश्रणात वरून घातला. अंड्यात साधारण पाऊण भाग पाणी असतं, म्हणजे हा ५० ग्रॅम रस एका अंड्यापेक्षा जास्त पाणी आणतो आणि अंड्यासारखा धरून ठेवायचं काम मात्र काहीच करत नाही. वर उरलेला रसही वाया नको म्हणून ओतला असेल (लिहिलं नाहीत, पण बरेच जण ओततात) तर बेस ओला राहिला नसता तरच नवल.

मग भिजवायचंच नाही का? फळावर अवलंबून आहे. खजूर मऊ असेल, जर्दाळू दाबल्यावर वाकत असेल तर अजिबात भिजवू नका, नुसतं कापा. मनुका दगडासारख्या झाल्या असतील, अंजीर कडक असेल तर कडकडीत पाण्यात दहा मिनिटं, मग चाळणीत निथळायचं, स्वच्छ फडक्यात दाबून पुसायचं आणि ताटात पसरून तासभर तसंच ठेवायचं. फळ हाताला मऊ लागलं पाहिजे पण बोट ओलं होता कामा नये. संत्र्याचा स्वाद हवा असेल तर रसाच्या मागे न लागता साल किसा, फक्त वरचा केशरी भाग, पांढरा नको, तो कडू असतो. किस साखरेत घालून बोटांनी चोळला की सालीतलं तेल साखरेत उतरतं आणि एका संत्र्यात पूर्ण टिन घमघमतो. पाण्याचा एक थेंब वाढत नाही.

फळं वर ठेवू नका, मिश्रणात बुडवा. वर काही दिसायला हवं असेल तर बदामाचे काप किंवा अक्रोडाचे तुकडे ठेवा, त्यांना ती उष्णता मानवते. आणि वरचे तुकडे कच्चेच ठेवायचे, आतले मात्र आधी भाजून घ्यायचे, हे उलटं करू नका. मिश्रणाच्या आत गेलेला अक्रोड भाजला जात नाही, तो उकडल्यासारखा होतो आणि मऊ, बेचव लागतो. म्हणून ओव्हनमध्ये १७० अंश सेल्सिअसला आठ-दहा मिनिटं, बदाम असतील तर जरा जास्त, मध्ये एकदा हलवून. वास सुटला की काढायचे, कारण गरम ट्रेवर ते पुढेही भाजत राहतात. त्याआधी एक अक्रोड चावून बघा. खवट लागला तर पूर्ण पाकीट बाद. त्यात जे तेल असतं ते लवकर खराब होतं आणि एक खवट मूठ टिनभर बारची वाट लावते, दालचिनी घालून ते झाकत नाही. जास्तीचा सुकामेवा आणून ठेवायचा असेल तर नट्स फ्रीझरमध्ये ठेवा, आणि भाजायचे ते करायच्या दिवशीच, कारण भाजलेले कच्च्यापेक्षा लवकर खवट होतात.

बार म्हणजे नक्की कुठला हेही ठरवायला हवं, कारण तुम्हाला एका प्रकारच्या बारची टीप दुसऱ्या प्रकाराला लावलेली दिसतेय. ढोबळमानाने तीन प्रकार. एक, खाली खुसखुशीत बिस्किटासारखा बेस आणि वर अंडं-ब्राउन शुगरमध्ये धरलेला सुकामेवा, तुमचा हाच आहे. दुसरा, बेसच नाही, खजुराचा लगदा आणि थोडं पीठ, त्यात सगळं गच्च दाबलेलं, हा चिवट असतो आणि सगळ्यात जास्त टिकतो. तिसरा, ओट्स आणि नट्स मध-साखर-बटरच्या पाकात घोळून भाजलेले, हे कुरकुरीत. गरम असताना कापा हा सल्ला तिसऱ्याचा आहे, कारण तो पूर्ण गार झाला की कडक होतो आणि मग सुरीखाली तडकतो, म्हणून कोमट असतानाच खुणा करून कापायचा. पहिल्या प्रकाराला हाच सल्ला लावला की भुगा. गरम असताना त्यातलं बटर पातळ असतं, साखर पातळ असते, धरून ठेवणारं काही घट्टच झालेलं नसतं.

माझं प्रमाण देते, ८ इंची टिनचं, यात तुमच्या चवीने फळं बदला पण वजनं शक्यतो पाळा. बेसला मैदा १५०, बटर १००, साखर ५० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. तीन-दोन-एक, लक्षात ठेवायला सोपं. बटर गार घेऊन बोटांनी मैद्यात चोळलं की बेस जास्त भुसभुशीत होतो, वितळवून घातलं की जरा घट्ट होतो. भेट द्यायचे, डब्यातून जायचे बार असतील तर मी वितळवूनच घालते, थोडा खुसखुशीतपणा गेला तरी तुकडे शाबूत पोचतात. मिश्रण ओल्या वाळूसारखं झालं की बटर पेपर लावलेल्या टिनमध्ये घाला, पेपर दोन बाजूंनी बाहेर लोंबता ठेवा, नंतर उचलायला लागतो. आणि मग सपाट बुडाच्या पेल्याने दाबा, नुसतं हाताने पसरून सोडू नका, कोपऱ्यांत तर विशेष दाबा. सैल थापलेला बेस कितीही नीट भाजला तरी कापताना सुटतोच, तुमच्या भुग्यातला काही वाटा याचाही असू शकेल. काट्याने टोचून १७५ ला पंधरा ते अठरा मिनिटं, कडा सोनेरी आणि मधला भाग कोरडा दिसेपर्यंत. ही आधीची भाजणी काही रेसिप्यांत गाळलेली असते, वेळ वाचवायला. गाळू नका. कच्च्या बेसवर ओलं मिश्रण ओतलं की खालचा मैदा ते पाणी पितो आणि वरून झाकण बसल्यामुळे वाफेला जायला जागाच उरत नाही.

बेस काढला की तो गरम असतानाच अंड्याच्या पांढऱ्याचा अगदी पातळ हात फिरवून दोन मिनिटं परत आत ठेवायचा, पांढरं लगेच शिजून पापुद्रा धरतं आणि ओल खाली उतरायला वेळ लागतो. हे वरच्या मिश्रणातल्या अंड्यातून चमचाभर काढून करता येतं. कंटाळा असेल तर बदामाची पूड दोन चमचे भुरभुरवा, ती वरून येणारी ओल शोषते.

वरच्या थराला अंडी २, ब्राउन शुगर १५०, मैदा ३०, बेकिंग पावडर आणि मीठ पाव-पाव चमचा, भाजलेले नट्स १२०, कापलेली फळं १५०, संत्र्याची साल, दालचिनी नाहीतर सुंठ आवडीप्रमाणे. अंडी आणि साखर एकजीव होईपर्यंतच ढवळा, फेसाळेपर्यंत फेटू नका, हवा भरली की वर पापडी येते आणि कापताना तीच तडकते. मीठ वगळू नका. एवढ्या गोडात मीठ नसलं तर दुसरा तुकडा खाववत नाही.

नट्सचे तुकडे वाटाण्याएवढे करा. हे दिसायला बारीकसं काम आहे पण कापताना कळतं, अख्खा बदाम सुरीच्या वाटेत आला की सुरी त्याला कापत नाही, पुढे ढकलते, आणि जाता जाता तो शेजारचा बारही फोडून जातो. कापताना पाटावर जी पूड उरते ती फेकू नका, बेसच्या मैद्यात घाला.

बेस गरम असतानाच मिश्रण ओता म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतात, गार बेसवर ओतलं तर नंतर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. १७५ लाच बावीस ते अठ्ठावीस मिनिटं. झालं का ते टूथपिकने बघू नका, ती खजुरात घुसली की चिकटच येणार आणि तुम्ही उगाच अजून दहा मिनिटं लावणार. कडा टिनपासून किंचित सुटल्यात का, वरची चकाकी गेली का, आणि टिन हलकेच ढकलला तर मध्यभाग डुगडुगतो का, एवढं बघा. डुगडुगत नसेल तर काढा. वर लवकर रंग आला आणि मध्य बाकी असेल तर फॉइल सैलसर झाका.

हे आकडे माझ्या ओव्हनचे, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होणारच. ओव्हन कसला ते तुम्ही लिहिलं नाहीत. पंखा चालू असेल तर १५ ते २० अंश कमी लावा. छोटा ओटीजी असेल तर वरची कॉइल टिनच्या डोक्यावर असते, तेव्हा जाळी एक घर खाली घ्या. काचेचं भांडं तापायला वेळ घेतं आणि तापलं की उष्णता सोडत नाही, त्यामुळे मध्य कच्चा आणि कडा काळ्या होतात, त्यात करायचंच तर १५ अंश कमी आणि वेळ थोडा जास्त. गडद रंगाचा टिन तळाला लवकर रंग देतो. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान जुळतंच असं नाही, ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या, सुट्ट्यांत बॅचवर बॅच लावणार असाल तर तो वसूल होतो. दोन टिन एकदम लावले तर अर्ध्या वेळेत वरचा खाली आणि खालचा वर करा.

आता कापणं. टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या, दोनेक तास तरी जातात. मग अर्धा-पाऊण तास फ्रिज. मग पेपरला धरून अख्खी लादी पाटावर काढा. लांब, जड सुरी घ्या आणि सरळ वरून खाली दाबा, पुढेमागे करवतीसारखी चालवू नका, बेस तिथेच सुटतो. दर कापणीनंतर सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची, ओली नको. चारही बाजूंच्या कडा बोटभर रुंदीच्या आधी काढून टाका, मग सगळे बार एकसारखे दिसतात, आणि कडा करणाऱ्याच्या हक्काच्या. ८ इंचीत १६ तुकडे करा, २४ केले तरी कोणी कमी म्हणणार नाही, हे प्रकरण जड असतं.

अंडं न घालता होईल का असं तुमच्या खाली एकांनी विचारलंय म्हणून तेही सांगते. होतं, पण अंड्याच्या जागी केळं किंवा सफरचंदाचा गर घालू नका, दोन्हीत पाणीच जास्त, बारचा केक होतो. बेसवाल्या प्रकाराला कंडेन्स्ड मिल्क बरं, ८ इंची टिनला साधारण २०० ग्रॅम. बेसवर सुकामेवा पसरायचा आणि वरून सगळीकडे सारखं ओतायचं, कडा सोनेरी होईपर्यंत भाजायचं, हे गार झालं की मस्त धरतं. ब्राउन शुगर मग अर्थातच नको. जवसाची पूड एक चमचा आणि पाणी तीन चमचे हा उपाय खजूरवाल्या बारमध्ये चालतो कारण तिथे धरायचं काम मुळात खजूरच करतो, पण अंड्यासारखा थर जवस बांधत नाही.

तुमची फसलेली बॅच टाकायची का, तर पुढच्या वेळी गार व्हायच्या आत लक्षात आलं तर फॉइल झाकून १५० ला परत आत ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत मध्य धरतो. कच्चट अंड्याचा तुकडा तसाच खाऊ नका. शिजलेला भुगा असेल तो ट्रेवर पसरून त्याच तापमानाला कोरडा करा आणि दह्यावर नाहीतर आइसक्रीमवर घाला, तो बारपेक्षा आधी संपतो.

दोन आठवडे आधी करून ठेवायचे असतील तर बाहेर ठेवू नका. थंड, कोरड्या जागी हवाबंद डब्यात हे अंड्याचे बार पाच-सात दिवस चांगले राहतात, हवा दमट असेल तर त्याहून कमी धरा आणि फ्रिजमध्ये टाका. कंडेन्स्ड मिल्कवाले फ्रिजमध्येच. त्याआधीचं सगळं फ्रीझरला. अख्खी लादी न कापता ठेवली तर जास्त चांगली राहते, कापलेल्या कडांतून कोरडी होते. बटर पेपर, त्यावर घट्ट प्लास्टिक किंवा फॉइल, मग डबा, दोन-तीन महिने सहज. काढताना गुंडाळलेलीच बाहेर ठेवायची, म्हणजे हवेतलं पाणी सुटतं ते वेष्टनावर, बारवर नाही. आधी सोडली तर एवढी खटपट करून कोरडा ठेवलेला बेस तासाभरात ओला. लादी पूर्ण मऊ व्हायच्या आत, अजून गारेगार असतानाच कापली की कापा सुरेख येतात.

डब्यात दोन थरांमध्ये बटर पेपर घाला आणि त्याच डब्यात कुरकुरीत बिस्किटं भरू नका, बारमधली ओल ती पितात, रात्रीत बिस्किटं मऊ आणि बार कोरडे. भेटीच्या डब्यावर चिठ्ठी हवीच: कुठले नट्स, अंडं, मैदा, बटर. नट्सची ॲलर्जी थोड्याशाने पण जिवावर बेतू शकते आणि तुकड्याकडे बघून आत काजू आहे की नाही ते कोणाला कळत नाही. तिसरा, मधाचा प्रकार केलात तर मध आहे हेही लिहा, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत. कुरिअरने लांब पाठवायचे असतील तर बेसवाले मी पाठवत नाही, खजूरवाले पाठवते, एकेक बार पेपरात घट्ट गुंडाळून, आणि डब्यात जी जागा उरेल तिथे चुरगळलेला कागद इतका ठासून की डबा हलवला तर आतून आवाज येत नाही.